पहिली कार्यशाळा घेताना : खान्देशातल्या नव्या आरोग्य प्रशिक्षकांसाठी

आरोग्य खात्यात किंवा एखाद्या संस्थेत रुजू होऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच साहेबांचा निरोप येतो : पुढच्या महिन्यात आशाताईंची, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांची, एक दिवसाची कार्यशाळा घ्या. विषय ठरलेला, स्लाइड्स वरून आलेल्या, बाकी सगळं तुमच्या गळ्यात. समुदाय आरोग्य अधिकारी, गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या), तालुक्याला नव्याने आलेले आरोग्य शिक्षक, संस्थांचे कार्यकर्ते, सगळ्यांवरच कधी ना कधी ही वेळ येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत अशी कार्यशाळा कशी उभी करायची ते इथे क्रमाने सांगतो.

एक मत आधीच मांडून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच बेतलेली आहे. कार्यशाळेनंतरच्या गृहभेटीत ताईच्या हातून एक तरी गोष्ट वेगळी घडली पाहिजे. ती गोष्ट कोणती, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नसेल तर तारीख ठरवू नका.

पहिली पायरी : आधी चार घरं फिरा

प्रशिक्षणाची गरज कशात आहे असं ताईंना विचारलं तर उत्तर येतं, "सगळ्यातच, सर." हे उत्तर सौजन्याचं असतं, कामाचं नसतं. त्यापेक्षा गटप्रवर्तक ताईंबरोबर दोन गावांत जा, तीन-चार गृहभेटींना नुसतं बसा आणि बघा. नवजात बाळाचा श्वास ताई पूर्ण एक मिनिट मोजते की पंधरा सेकंद मोजून चारने गुणते? ओआरएसचं (जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या पाण्याचं) पाकीट कोणत्या भांड्यात कालवायला सांगते? कुपोषण ओळखण्यासाठी मुलाच्या दंडाचा घेर मोजणारी दंडघेर पट्टी कुठे लावते? सासूशी बोलते की सुनेशी? वहीत फक्त टिपा घ्या, तिथे कुणाला सुधारू नका. तुम्ही तपासणीला आला आहात असं एकदा वाटलं की पुढची तीन घरं नाटकच दिसेल.

परत आल्यावर टिपा तीन ढिगांत लावा. काही गोष्टी ताईला माहीतच नाहीत. काही माहीत आहेत, पण हाताला सवय नाही. आणि काही माहीत आहेत, जमतातही, पण जुलाबावरच्या झिंकच्या गोळ्या संपल्यात, वजनकाटा बंद आहे किंवा घरचा कर्ता माणूस ऐकत नाही. कार्यशाळेने पहिले दोन ढीग कमी होतात. तिसरा होत नाही. उपकेंद्रात झिंक नसताना झिंकवर दिवसभर शिकवणं म्हणजे ताईंचा एक दिवस वाया घालवणं. ती यादी सरळ वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्या आणि साठा आल्यावरच त्या विषयाची कार्यशाळा ठेवा. नवीन माणसाला हे बोलायला संकोच वाटतो, पण बहुतेक डॉक्टरांना अशी नेमकी यादी हवीच असते.

दुसरी पायरी : एका दिवसाला एक कौशल्य

वरून आलेल्या पत्रात पाच विषय असतील. पाचही कागदावर ठेवा, पण अर्ध्याहून जास्त वेळ एकालाच द्या. उरलेल्या चारांची एकेक पानाची टिपणं छापून हातात द्या.

कौशल्य निवडताना ते डोळ्यांनी दिसणारं असावं. "कुपोषणाबद्दल जागृती" दिसत नाही. "सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर पट्टी लावून वाचन सांगता येणं, ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर त्याच दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टरला कळवणं" हे दिसतं. "सर्पदंशाची माहिती" दिसत नाही. "दोरी आवळणं, ब्लेडने चिरणं थांबवून, चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला प्रतिसर्पविष मिळेल अशा दवाखान्याकडे रवाना करणं" हे दिसतं. पावसाळ्यात कापसाच्या नि केळीच्या शेतांत काम करणाऱ्या गावांसाठी हा विषय जूनच्या आत घ्या, सप्टेंबरात घेऊन फारसा उपयोग नाही.

शिक्षण कमी असलेल्या बाईला अवघड कौशल्य शिकवता येईल का, अशी शंका अजूनही काही जण घेतात. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या चमूने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आज आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जी भेट देतात, तिचं मूळ त्या कामात आहे. तिथे शिकवणं होतं ते हाताने करून घेण्याचं.

तिसरी पायरी : तारीख

नवे लोक सर्वांत जास्त फसतात ते इथे, विशेषतः बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले.

लसीकरण सत्राचा दिवस, ग्राम आरोग्य व पोषण दिवस आणि महिनाअखेरचे अहवालाचे दिवस आधी कॅलेंडरवर खोडा. मग शेत बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर कापसाची वेचणी असते. आशाताईंच्या मोबदल्याचा काही भाग कामावर अवलंबून असतो, त्यामुळे वेचणीच्या दिवसांत त्यांचाही हात शेतात असतो आणि तो असणं रास्तच आहे. दिवाळीनंतर सातपुड्यातली आणि साक्री-नवापूरकडची अनेक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत नि इतर जिल्ह्यांत जातात. स्थलांतरित गरोदर बायका आणि लहान मुलांच्या नोंदींवर काही शिकवायचं असेल तर ते दिवाळीच्या आधीच झालं पाहिजे, नंतर गावात मोजायला कुणी उरत नाही.

सण म्हणाल तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नि श्रावणात कानबाई या देवीच्या सणाच्या दिवसांत कार्यशाळेचं नाव काढू नका. होळीच्या आधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार आणि काठी गावची होळी हे अक्कलकुवा-धडगावकडे आठवडाभराचं काम आहे. सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहादा बाजूच्या एसटीत उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब. आठवडी बाजाराचं मात्र सरसकट सूत्र नाही. तापीकाठच्या सपाटीवर बाजाराचा दिवस टाळलेला बरा; डोंगरातल्या पाड्यांवरून मात्र कधी कधी त्याच दिवशी जीप मिळते. तिथल्या गटप्रवर्तक ताईंना विचारून ठरवा.

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो. तेव्हा घ्यायचंच असेल तर सकाळी आठला सुरू करून साडेबारापर्यंत आटपा. पावसाळ्यात धडगाव-अक्कलकुव्यात नाले भरले की ताई पोचणार नाहीत, आणि पोचल्या तर परत जाता येणार नाही. बारा महिने लागू असलेला नियम एकच : शेवटच्या गाडीची वेळ बघा आणि तिच्या तासभर आधी समारोप करा. पाचच्या गाडीसाठी ताई चार वाजल्यापासून घड्याळाकडे बघतात, त्यांच्याकडून त्या तासात काही होत नाही.

चौथी पायरी : पत्र, जागा, जेवण, भत्ता

यावर फार लिहित नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र किमान दहा दिवस आधी काढून घ्या. पत्राशिवाय बोलावलेल्या ताईंना त्या दिवसाचा भत्ता मिळताना अडचण येते. प्रवासभत्ता शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर कधी नि कसा मिळेल हे स्पष्ट सांगून द्या. तीसपेक्षा जास्त जणी बोलावू नका. हॉल प्राथमिक आरोग्य केंद्राचा, पंचायत समितीचा किंवा आश्रमशाळेचा, कुठलाही चालेल, पण बायकांसाठी वापरता येईल असं स्वच्छ शौचालय स्वतः जाऊन बघा. लहान बाळं घेऊन येणाऱ्या ताईंसाठी कोपऱ्यात सतरंजी आणि झोळी बांधायला खुंटी ठेवा. वीज जाईल असं धरूनच चाला. प्रोजेक्टर चालला तर ठीक, दिवस त्याच्यावर अवलंबून ठेवू नका.

जेवणात वरण-बट्टी असेल तर दुपारी दोन ते तीन या वेळात कुणाचंही भाषण ठेवू नका, जिल्ह्याहून आलेल्या साहेबांचंही नाही. तुपात बुडवलेल्या बट्टीपुढे कुठलीही स्लाइड टिकत नाही. तो तास उभं राहून करायच्या सरावाचा.

उद्घाटनाबद्दलही एक सांगून ठेवतो. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, अध्यक्षीय भाषण या रांगेत सकाळचा सगळ्यात ताजा तास जातो. पाहुण्यांना दुपारी प्रमाणपत्रं द्यायला बोलवा. आधी नीट समजावून सांगितलं तर बहुतेकांना राग येत नाही.

पाचवी पायरी : कोणत्या बोलीत

धुळ्यात नि पश्चिम जळगावात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, चोपडा-यावलच्या डोंगरकडेला तडवी, शिरपूरच्या उत्तरेला आणि धडगावात पावरी, नवापूरकडे मावची, शहादा-तळोद्यात गुजरी आणि सगळीकडे भिलीची वेगवेगळी रूपं. ताई गृहभेटीत याच बोलीत बोलतात, मग कार्यशाळेतला सराव प्रमाण मराठीत का करायचा? स्लाइडवरचं वाक्य वाचणं आणि तेच सासूबाईंना पटेल असं सांगणं यांत बरंच अंतर आहे. ते अंतर हॉलमध्येच पार करू द्या. तुम्हाला पावरी येत नसेल तर येत नाही म्हणून सांगा. एका ताईला गटाची प्रमुख करा आणि बोललेल्याचा अर्थ नंतर तिच्याकडून समजून घ्या. बाहेरून आलेल्याने बोलीची नक्कल करायला जाऊ नये, ती थट्टेसारखी ऐकू येते.

सहावी पायरी : प्रत्यक्ष दिवस

सकाळी पंधरा मिनिटांची पूर्वचाचणी. लेखी प्रश्न पाच पुरेत, आणि त्याबरोबर एक प्रात्यक्षिक. ओआरएसचा विषय असेल तर प्रत्येक गटाला पाकीट, पाण्याचा हंडा आणि घरात असतात तशी भांडी द्या : तांब्या, ग्लास, पाण्याची रिकामी बाटली, मोठं पातेलं. "एका बाळासाठी तयार करा," एवढंच सांगून बाजूला व्हा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी, आणि दुकानातल्या ओआरएससारख्या दिसणाऱ्या गोड पेयांचा याच्याशी संबंध नाही. तांब्यात किती पाणी मावतं ते मोजल्याशिवाय कुणालाच माहीत नसतं, आपल्यालाही नाही. प्रत्येक ताईने स्वतःच्या घरचा तांब्या मोजून त्यावर खूण करायची, एवढं ठरलं तरी पुढचे महिने ते टिकतं. पुढची माहिती त्याच ओघात द्या : दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने; कालवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं; झिंक जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०.

श्वास मोजण्याच्या सरावाला झोपलेल्या बाळांचे मोबाइलवरचे व्हिडिओ पुरतात, अर्थात आईच्या परवानगीने घेतलेले. दोघी-दोघींनी मोजायचं, आकडा एकमेकींना न दाखवता लिहायचा. फरक पाचपेक्षा जास्त आला तर पुन्हा. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान. हे तीन आकडे फळ्यावर दिवसभर राहू द्या.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर थोडं जास्त लिहितो. नंदुरबारात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत हा विषय तुमच्यापर्यंत येणारच, आणि तो चुकीचा शिकवला तर घरं मोडतात. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं ध्येय आहे. ताईंच्या वाट्याला मात्र येतो तो घरातला प्रश्न : "आम्ही दोघं धडधाकट, मग पोराला कसं झालं?"

त्याचं उत्तर दोन वाट्यांनी द्या. एक वाटी आईची, एक वडिलांची. दोन्हींत एक हरभरा आणि एक चवळी. हरभरा म्हणजे निरोगी, चवळी म्हणजे सिकलची खूण. दोघेही वाहक आहेत, म्हणजे खूण अंगात आहे पण आजार नाही, म्हणून दोन्ही वाट्यांत दोन्ही दाणे. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा काढायचा, ते एक बाळ. नोंद करायची, दाणे परत टाकायचे, पुढचं बाळ. ताईंचे चार गट करा, प्रत्येकाने वीस-वीस वेळा करून फळ्यावर बेरीज मांडा. दोन चवळ्या सुमारे चौथ्या भागात येतील, दोन हरभरे तेवढेच, एक-एक साधारण निम्म्यात. आता एखाद्या गटात लागोपाठ दोन वेळा दोन चवळ्या आल्या असतील, ते मुद्दाम दाखवा. "चारातलं एक आजारी झालं, आता पुढची तीन सुटली" हा गैरसमज गावात पक्का बसलेला आहे आणि कधी कधी आपल्या माणसांच्या तोंडीही असतो. दाणे दर वेळी परत वाटीत जातात, म्हणून प्रत्येक गरोदरपणात शक्यता तेवढीच असते. दोन्ही वाट्यांतून एकेक चवळी आल्याशिवाय बाळ आजारी होत नाही, हेही ताईंच्या लक्षात येतं, आणि सुनेला दोष देणाऱ्या घरात काय बोलायचं ते त्यांना आपोआप सापडतं.

याला जोडून तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. पहिली, गावात होणारी सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचणीने ठरतं. दुसरी, रुग्णाला ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक फिकेपणा किंवा अंगाच्या एका बाजूला कमजोरी आली तर वाट न बघता दवाखाना. तिसरी, कुणाचाही निकाल चावडीवर, बैठकीत किंवा व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये. लग्न जुळण्याच्या वयातल्या मुलीचं नाव एकदा फुटलं की ते परत घेता येत नाही.

दुपारचा तास संवादाच्या सरावाला द्या. तिघींचा गट : एक ताई, एक सून, एक सासू किंवा घरचा कर्ता. चौथी बघणारी, हातात पाच ओळींची तपासणी यादी : नमस्कार केला का, आधी विचारलं का, मध्येच तोडलं का, एकच गोष्ट सांगितली का, ती समोरच्याकडून परत म्हणवून घेतली का. सासूची भूमिका सगळ्यात खट्याळ ताईला द्या. ती "आते दवाखानामा जावानी काय गरज शे?" म्हणून जी अडून बसते, त्यातून सगळ्या जणी शिकतात. काही घरांत आधी भगताला किंवा बडव्याला, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूला, विचारलं जातं. त्याची टिंगल होणारं सोंग होऊ देऊ नका. तो गावात राहणारा माणूस आहे आणि "ताप उतरला नाही तर उद्या सिस्टरकडे न्या" एवढं त्याने म्हटलं तरी ताईचं निम्मं काम होतं. त्याच्याशी कसं बोलायचं याचाही एक प्रसंग करून घ्या.

कुणी चुकली तर लगेच थांबवू नका. प्रसंग संपू द्या. आधी करणारीला विचारा, मग बघणारीला, शेवटी तुम्ही. अनुभवी ताई तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या असतील, त्यांना सगळ्यांसमोर परीक्षार्थी करू नका. उलट एखाद्या गटाचा सराव त्यांनाच चालवायला द्या.

सातवी पायरी : नंतरचे सहा आठवडे

समारोपाला तीच पाच प्रश्नांची चाचणी आणि तेच प्रात्यक्षिक पुन्हा घ्या. गुण वाढतील, सकाळचंच दुपारी विचारलं तर वाढतातच. अमेरिकेतले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मोजमाप चार पातळ्यांवर करायला सांगितलं : लोकांना आवडलं का, शिकले का, कामात वापरतात का, आणि त्याने फरक पडला का. आपल्याकडचे अहवाल बहुतेकदा दुसऱ्या पातळीवर थांबतात. तिसरीवर जायला फार खर्च लागत नाही. गटप्रवर्तक ताईंना तीच तपासणी यादी द्या आणि दोन ते सहा आठवड्यांच्या आत प्रत्येक ताईची एक गृहभेट त्यांनी नुसती बघावी अशी विनंती करा. महिन्याच्या सभेत वीस मिनिटं मागून घ्या नि काय अडलं ते ऐका. तिसऱ्या ढिगातली कारणं तिथे पुन्हा वर येतील : गोळ्या नाहीत, गाडी नाही, नेटवर्क नाही. ती लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या.

क्षयरोगासारख्या विषयात आकडे बदलत राहतात. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, तरी जुनी पोस्टर्स भिंतीवर राहतात. कार्यशाळेच्या आदल्या आठवड्यात आपली सगळी टिपणं एकदा नव्या परिपत्रकांशी ताडून घ्या.

तुमचं स्वतःचं शिक्षण

शिकवणाऱ्याने शिकायचं कुठे? सगळ्यात जवळची जागा वैद्यकीय महाविद्यालयांचे पीएसएम (जनआरोग्य शिकवणारे) विभाग. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय महाविद्यालयं अलीकडची. प्राध्यापकांना आणि निवासी डॉक्टरांना गावातल्या कामात रस असतो, फक्त कुणीतरी जाऊन विचारावं लागतं. विषयतज्ज्ञ म्हणून बोलवा, पण त्यांना कौशल्य आणि वेळ आधी लिहून द्या, नाहीतर एमबीबीएसचं व्याख्यान होतं. खात्यातल्या लोकांसाठी नाशिकचं आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्र आहे. प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाची यादी निघाली की नाव द्या, थांबू नका. शासकीय कर्मचाऱ्यांना आयगॉट कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षण मंचावर मोबाइलवरून अभ्यासक्रम करता येतात. दिल्लीची राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था दूरशिक्षणाने पदविका देते. या सगळ्यांच्या आधी मात्र शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या प्रशिक्षकाची कार्यशाळा मागच्या रांगेत बसून बघा, आणि तुमचीही त्याला बघू द्या.

अहवाल दोन पानांचा करा : कोणतं कौशल्य निवडलं, सकाळी किती जणींना जमलं, संध्याकाळी किती, सहा आठवड्यांनी घरात किती, आणि तिसऱ्या ढिगातलं काय अजून बाकी. फोटो दोन पुरेत. एक प्रत तालुक्याला, एक प्राथमिक आरोग्य केंद्राला, एक स्वतःच्या फायलीत. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर ती फाइल त्याच्या हातात द्या.